तबकडीचा दोष नव्हे, पण…

गेल्या अंकातील ‘सीडीने गिटारचा जीव घेतला’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांनी दाखला दिला डायर स्ट्रेट्स या रॉक बँडच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या अल्बमचा (१९८५), आणि तिथेच त्यांची गल्लत झाली. या अल्बमचे मूळ ध्वनिमुद्रणच डिजिटल टेपवर झाले होते. मग एलपीत वेगळी ‘अस्सल ऊब’ कुठून येणार? उलट एका तबकडीत मावावीत म्हणून काही गाणी छाटावी लागली. ‘व्हाय वरी’ सीडीवर सुमारे साडेआठ मिनिटे चालते, एलपीवर जेमतेम सव्वापाच. बँडचा गिटारवादक नॉफ्लर पिक न वापरता बोटांनी तार छेडतो. त्या गाण्याच्या शेवटचे त्याचे हळुवार वादन ऐकायचे तर सीडीच हवी.

मी स्वतः चाळीस वर्षे एलपी जमवतो आहे, तबकड्यांवर माझे मनापासून प्रेम आहे. डायर स्ट्रेट्सचा १९७८चा पहिला अल्बम मात्र अॅनालॉग. तो मी आजही तबकडीवरच लावतो. आणि आवाज सुधारायचाच असेल, तर महागडी केबल घेण्याआधी सुईची झीज तपासा, स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढा. फरक लगेच कळतो.

पत्रलेखकांनी ‘ब्रदर्स इन आर्म्स’च्या दोन्ही आवृत्त्या एकदा लागोपाठ ऐकाव्यात, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, पुणे