वेळेच्या खात्यावर सही कोणाची?

विद्यार्थ्यांना वेळेचे नियोजन शिकवणारी ॲप हल्ली मोबाइलवर ढिगाने मिळतात. त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी एक जुनी युक्ती आहे. फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन गृहस्थाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ समोर ठेवले आणि ठरवले : पंचवीस मिनिटे अभ्यास, पाच मिनिटे विश्रांती. ‘फॉरेस्ट’ नावाचे ॲप आणखी गमतीचे. ठरलेला वेळ फोनला हात लावला नाही, तर पडद्यावर झाड वाढते. मोह आवरला नाही, तर ते वाळते. युक्त्या साध्या आहेत आणि साध्या युक्त्यांना मी नावे ठेवत नाही. ज्या फोनने मुलांचा वेळ पळवला, त्यालाच राखणदार नेमावे हे मात्र मौजेचे वाटते.

माझी उमेद बँकेत गेली. त्या नोकरीने एक सवय लावली. खाते कोणाच्या नावावर आहे एवढे पाहून थांबायचे नाही. त्यावर सही कोणाची चालते तेही पाहायचे. लहान मुलाच्या नावाचे पासबुक असते, पैसे निघतात ते पालकाच्या सहीने. विद्यार्थ्याच्या वेळेचेही असेच आहे. दिवसाचे चोवीस तास त्याच्या नावावर जमा होतात खरे, पण ते खर्च कोण करते? सही मुलाचीच चालते, असे ॲपने गृहीत धरलेले असते. हे गृहीत आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तपासून पाहावे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. घड्याळ आणि सूर्य यांचे इथे आधीच जमत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नंदुरबार ७४ अंशांच्या जरासे पुढे; म्हणजे आमचा सूर्य घड्याळाच्या सुमारे तेहतीस मिनिटे मागे. जानेवारीत सात वाजून गेले तरी तो उगवलेला नसतो, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या दऱ्यांत तर आणखी उशिरा दिसतो. पहाटे उठून अभ्यास करा, हा उपदेश इथे काळोखात पाळावा लागतो.

त्याच काळोखात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. ती सकाळीच वेचावी लागतात. गुरेढोरे पोचली की संपले. परीक्षेचे दिवस नेमके तेच. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’च म्हणतात. कोयता फडात गेला की धाकट्या भावंडाला सांभाळते ती थोरली मुलगी. तिला पंचवीस मिनिटांचा गजर लावून द्यावा, तर तो वाजण्याआधी बाळ रडते.

शहाद्यातल्या किंवा नंदुरबारातल्या सुखवस्तू घरांत सही आणखी कोणाची असते. शाळा, क्लास, दुसरा क्लास, त्यांचा गृहपाठ. मुलगा ॲपमध्ये वेळापत्रक भरतो तेव्हा त्यात एकही रकाना मोकळा नसतो. त्याने नियोजन तरी कशाचे करावे?

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान हजार तास अध्यापनाचे ठरवले. वर्षात तास असतात ८,७६०. शाळेतल्या हजार तासांना कायद्याचा आधार आहे. घरातल्या तासांचा हिशेब घरानेच ठेवायचा आहे.

रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवण्याची मुभा दिली. रकमेची मर्यादा बँकेने ठरवायची. त्या मर्यादेत सही मुलाची. मला वाटते, वेळेच्या बाबतीत घरानेही एवढे करावे. सगळे चोवीस तास मुलाच्या हवाली करा, असे कोणी म्हणत नाही. दिवसाचा एक तास त्याचा. त्या तासात पाणी आण म्हणायचे नाही, दुकानात पाठवायचे नाही, बाळ त्याच्या मांडीवर द्यायचे नाही आणि टीव्ही लावायचा नाही.

नोकरी सांभाळून मी कादंबऱ्या लिहिल्या त्या अशाच एका तासावर. पहाटे मला घरात कोणी हाक मारत नसे. तो तास मला शिस्तीपेक्षा इतरांच्या शांततेने मिळवून दिला; चहा, पाणी, मुलांची शाळा हे सारे त्या वेळी दुसरे कोणीतरी उचलत होते. घरात कर्त्या पुरुषासाठी असे मौन सहज पाळले जाते. दहावीतल्या मुलीसाठी ते पाळणारी घरे किती?

ऊसतोडीच्या फडावर हा तास आईबापांना परवडणार नाही. तिथे तो द्यायची जबाबदारी समाजाची आणि सरकारची आहे : गावातच मुलांची राहण्याची सोय, फडाजवळ बाळांसाठी पाळणाघर. ज्यांना परवडतो त्यांनी मात्र आज रात्रीच ठरवावे. ॲप हे पासबुक आहे. शिल्लक दाखवते, भरणा करत नाही. भरणा घरच्यांनी करायचा असतो. आपल्या घरात मुलाच्या, आणि विशेषतः मुलीच्या, सहीने चालणारा तास कोणता, हे रविवारच्या जेवणावर एकमेकांना विचारून पाहा. उत्तर आले नाही, तर तो तास आजपासून सुरू करता येईल.