सायकल उसनी, माप आपलं

कॉलेजच्या कट्ट्यावर सायकलचा विषय निघाला की चर्चा कुठे जाते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कार्बन की अॅल्युमिनियम? वजन किती? चाकं कुठली? कितीला पडली? सकाळी यवतेश्वरचा घाट मारून आलेली साताऱ्याची पोरं असोत, नाहीतर हरिपूर रोडला चक्कर टाकून चहाला थांबलेला सांगलीचा ग्रुप असो, गप्पा याच. ‘सीट किती उंचीवर ठेवलीस?’ हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. रोडच्या सायकलवर हे काही दिवस खपून जातं. ट्रॅकच्या सायकलवर खपत नाही. तुमच्यापैकी जे कुणी यंदा ट्रॅकवर उतरायचा विचार करताहेत, त्यांच्याशी आज याच विषयावर बोलायचं आहे.

आधी ही सायकल काय चीज आहे ते बघू. तिला ब्रेक नसतो, गिअर एकच असतो आणि फ्रीव्हील नसतं. म्हणजे मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. उतारावर पाय थांबवून दम खायची सोय नाही. हिशोब करून बघा. पुढे ४९ दाते आणि मागे १४ दाते असतील, तर पेडलच्या एका फेरीत मागचं चाक साडेतीन वेळा फिरतं आणि सायकल साधारण सात मीटर पस्तीस सेंटिमीटर पुढे जाते. एका किलोमीटरला झाले १३६ फेरे. ३० किलोमीटरच्या सरावात प्रत्येक गुडघा चार हजारांहून जास्त वेळा वाकून सरळ होणार, तेही मध्ये एकही सुट्टी न घेता. सीट दोन सेंटिमीटर चुकली असेल, तर तीच चूक तो गुडघा चार हजार वेळा सोसणार.

म्हणून ट्रॅकवर माप हा हौसेचा मामला राहत नाही. आणि ते पैशाने विकतही मिळत नाही. याचं सगळ्यात भारी उदाहरण स्कॉटलंडच्या ग्रॅमी ओब्री याचं. एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायचा विक्रम फ्रान्सेस्को मोझर या इटालियन सायकलपटूच्या नावावर १९८४ पासून होता, ५१.१५१ किलोमीटर. ओब्रीने स्वतःच्या हातांनी बनवलेल्या सायकलवर तो मोडायचं ठरवलं. त्या सायकलला त्याने वॉशिंग मशीनचं बेअरिंग वापरलं होतं, ही गोष्ट तर जगभर गाजली. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतल्या हामार इथे पहिल्या दिवशी त्याचा प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा ट्रॅकवर आला आणि ५१.५९६ किलोमीटर कापून विक्रम घेऊन गेला. हात छातीखाली दुमडून बसायची त्याची ती विचित्र पद्धत होती आणि सायकल त्या बसण्याभोवती बांधलेली होती. पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाने त्या बसण्यावर बंदी घातली, त्यामुळे आज कुणी त्याची नक्कल करायला जाऊ नये. पण त्याने आधी शरीर बघितलं आणि मग सायकल, हा क्रम आपण उचलायला काय हरकत आहे?

इतक्या लांब कशाला जायचं? साताऱ्यात सराव करणाऱ्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीचं विश्वविजेतेपद मिळवलं. तिचा प्रकार कंपाउंड धनुष्याचा. हे धनुष्य किती ओढलं जाणार, ते तिरंदाजाच्या हाताच्या मापानुसार आधीच बसवावं लागतं. मित्राचं धनुष्य उचललं आणि मारला बाण, असं तिथे चालतच नाही. मिरजेच्या कारागिरांना विचारा. तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखालचा बारीक दोरा किंचित सरकला तरी आवाज बदलतो. म्हणजे मिलिमीटरची किंमत आपल्या भागाला नवी नाही. सायकलच्या बाबतीतच आपण ढिसाळ आहोत.

आता कामाचं बोलू. यासाठी लाखाची मशीन लागत नाही. एक टेप, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, गवंड्याचा ओळंबा, अॅलन कीचा सेट आणि मोबाइल घेऊन उभा राहणारा एक मित्र, एवढं पुरतं. यातून पाच आकडे काढायचे आणि वहीत लिहून ठेवायचे.

पहिला आकडा सीटच्या उंचीचा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट दाबा आणि त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतच्या अंतराला ०.८८३ ने गुणा. माप ८० सेंटिमीटर आलं, तर उत्तर ७०.६. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत हे अंतर ठेवायचं. ही फक्त सुरुवात, शेवटचा शब्द नव्हे. सायकल स्टँडला लावून बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवा, गुडघ्यात थोडा वाक राहील. मित्राला मागून व्हिडिओ काढायला सांगा. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर सीट उंच झाली आहे.

दुसरा आकडा सीट किती मागे आहे याचा. सीटच्या पुढच्या टोकावरून ओळंबा सोडा आणि दोरी क्रँकच्या मध्यापासून किती मागे पडते ते मोजा. तिसरा, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर. चौथा, सीटच्या माथ्यापेक्षा हँडल किती खाली आहे. इथे एक मेख आहे. रोडच्या सायकलवर आपले हात बहुतेक वेळ ब्रेकच्या मुठींवर असतात. ट्रॅकच्या सायकलला त्या मुठीच नाहीत. हात खालच्या वळणात धरायचे असतात. त्यामुळे रोडच्या सायकलचं माप जसंच्या तसं उचललं, तर पाठ भलतीच ताणली जाते. ट्रॅकचं माप घेताना हात खालीच ठेवून बघा. मान वर करून पुढचं दिसतंय का, कोपर थोडे वाकलेले आहेत का, मांडी पोटावर आपटत नाही ना, हे तपासा.

पाचवा आकडा क्रँकच्या लांबीचा. ट्रॅकवर १६५ मिलिमीटरचा क्रँक सर्रास असतो. वळणावर ट्रॅक तिरका चढलेला असतो, तिथे लांब क्रँकचं पेडल घासायची भीती असते आणि जोरात पाय फिरवायला आखूड क्रँक सोपा जातो. तुमच्या रोडच्या सायकलला १७० चा क्रँक असेल आणि ट्रॅकवर १६५ चा मिळाला, तर पेडल खाली पाच मिलिमीटर कमी जाणार. म्हणून सीट तेवढीच वर घ्यायची. एवढासा बदल, पण पाय लगेच ओळखतात.

पुढचं शरीर सांगतं. गुडघा पुढून दुखत असेल, तर बहुतेकदा सीट खाली असते. मागून दुखत असेल, तर वर. हाताला मुंग्या येत असतील, तर हँडल लांब किंवा फार खाली आहे का ते बघा. बदल करताना एका वेळी एकच गोष्ट हलवा, तीही दोन-तीन मिलिमीटर, आणि दोन-चार दिवस चालवून बघा. सगळं एकदम हलवलं तर कशाने बरं वाटलं ते कळणारच नाही. आणि दुखणं राहिलंच, तर यूट्यूब सोडा, डॉक्टर गाठा.

हे सगळं वहीत कशाला लिहायचं? कारण आपल्याकडे ट्रॅक म्हटला की पुण्याचं बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं ते संकुल साताऱ्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि सांगलीहून जवळपास त्याच्या दुप्पट. रोज जाऊन सराव करणं कुणालाच जमणार नाही. वर्षातून मोजके दिवस हाती येतात आणि सायकल बहुतेकांची उसनी. कुणा सीनियरची, नाहीतर क्लबची. जो पोरगा आपले आकडे न घेता जातो, त्याचे ते मोजके दिवस बुड कुठे टेकवायचं हे शोधण्यातच संपतात. ज्याच्या वहीत पाच आकडे आहेत, तो पाना हातात घेऊन अर्ध्या तासात उसनी सायकल आपली करतो आणि उरलेला वेळ खरोखर ट्रॅक शिकण्यात घालवतो.

पण अर्ध्या तासात काय बदलता येतं आणि काय नाही, हेही समजून घ्या. सीट वर-खाली, पुढे-मागे होते. हँडल धरणारा स्टेम बदलता येतो. फ्रेम मात्र बदलत नाही. लहान चणीच्या मुलीला उंच मुलाची फ्रेम दिली, तर सीट पूर्ण खाली आणूनही हँडल लांबच राहतं. उलट उंच मुलाने छोट्या फ्रेमवर सीटचा दांडा खुणेच्या वर खेचला, तर तो मोडू शकतो. दांड्यावरची ती खूण शोभेची नसते.

आमचं म्हणणं इथेच आहे. असल्या सायकलवर बसून जो मागे पडतो, तो सायकलला दोष देत नाही. तो म्हणतो, ‘ट्रॅक आपल्याला जमत नाही.’ ती म्हणते, ‘माझ्यात तेवढी ताकदच नाही.’ आणि दोघंही खेळ सोडतात. सायकल मापात बसवलीच नव्हती, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. भंडाऱ्याची मयूरी लुटे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून ट्रॅकवर उतरली. म्हणजे महाराष्ट्राच्या जिल्ह्यांतल्या मुलींना हे जमतं, याबद्दल शंका नको. जमायच्या आधीच सोडून जाणाऱ्या कितीजणी, हा प्रश्न जास्त टोचणारा आहे.

म्हणून कॉलेजच्या जिमखान्यांना आणि सायकल क्लबांना एक मागणी. ट्रॅकची सायकल घेणार असाल, तर एक महागडी घेण्यापेक्षा दोन-तीन मापांच्या साध्या घ्या. सोबत वेगवेगळ्या लांबीचे चार स्टेम आणि एक आखूड क्रँकचा सेट ठेवा. भिंतीवर एक तक्ता लावा, नाव आणि पुढे पाच आकडे. कबड्डीच्या संघाला एकाच मापाचे बूट कुणी वाटत नाही. मग सायकल एकाच मापाची का?

शेवटी दोन गोष्टी, ज्यात चालढकल नको. माप बसवायला चाक हलवलंत, तर चेन तपासा. वर-खाली साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. फार ढिली असेल तर धावताना उतरते, आणि या सायकलवर चेन उतरली की वेग आवरायचं काहीच हातात उरत नाही. दोन्ही चाकांचे नट स्वतः पान्याने आवळून बघा, दुसऱ्याच्या शब्दावर राहू नका. आणि ही सायकल घेऊन यवतेश्वर, कास, खंबाटकी कुठेही जायचं नाही. रील चांगला येईल, पण ब्रेक नसलेल्या सायकलने घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. ट्रॅकची सायकल ट्रॅकवरच.

या रविवारी नवीन काही विकत घेऊ नका. टेप घ्या, मित्राला बोलवा, पाच आकडे काढा. पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी विचारलं, ‘कितीची सायकल?’ तर खुशाल सांगा, ‘सत्तर पॉइंट सहाची.’