एकुलती एक किल्ली

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात मंडईत आमच्या जुन्या गाडीची किल्ली हरवली. दुसरी आधीच हरवलेली! किल्लीवाल्याने कुलपावरून नवी करून दिली. दार उघडलं, पण इंजिन सुरू होऊन लगेच बंद! सासूबाईंना दवाखान्यात रिक्षाने न्यावं लागलं.

कारण काय, तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांच्या किल्लीच्या मुठीत इवलीशी चिप असते. तिची खूण पटली, तरच इंजिन चालतं. तिला सेल लागत नाही; सेल असतो तो रिमोटचा. म्हणून नुसती किल्ली कापून भागत नाही, गाडीशी तिची ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी गाडी तिथे हवीच. आमची तर ओढून न्यावी लागली!

जाताना गाडीचं आर.सी. आणि ओळखपत्र न्या. हरवलेल्या किल्लीची ओळख पुसायलाही आठवणीने सांगा. मात्र तिने दार उघडतंच, तेव्हा गाडीत पर्स, कागदपत्रं ठेवू नका.

सर्वांत बरं म्हणजे एक किल्ली हाताशी आहे तोवरच दुसरी करून घ्या. खर्च कमी येतो. मी ‘उद्या करू’ म्हणत राहिले, तुम्ही मात्र राहू नका!