माउंटन बायकिंग : सायकल नंतर, ब्रेक आधी

ब्रिटनमध्ये जरा ऊन पडू लागलं की ऑफिसातलं कुणीतरी हमखास विचारतं, "शनिवारी माउंटन बायकिंगला येणार का?" तुम्ही हो म्हणता आणि त्याच रात्री सायकलींच्या किमती बघत बसता. माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या सहलीसाठी सायकल विकत घेऊ नका, भाड्यानं घ्या. वाचलेल्या पैशांतून चांगलं रेन जॅकेट घ्या आणि अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घ्या. नवशिका माणूस पडतो तो सायकल स्वस्त होती म्हणून नव्हे. उतारावर काय करायचं हे त्याच्या हातापायांना माहीत नसतं म्हणून.

दम लागतो चढावर, म्हणून आपण तयारीही चढाचीच करतो. पण खरी परीक्षा उतारावर असते. समजा, तुमचं आणि सायकलचं मिळून वजन ९० किलो आहे आणि तुम्ही ३०० मीटर उंचीवरून खाली आलात. या उतरणीत सुमारे २ लाख ६५ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. १० अंशांचं ७०० मिलिलिटर पाणी उकळायला इतकीच ऊर्जा लागते. म्हणजे चार-पाच कप चहाचं आधण! यातली काही हवेच्या विरोधात आणि टायरमध्ये खर्च होते, उरलेली बरीचशी ब्रेकच्या चकत्यांमध्ये उष्णता बनून जाते. घाबरून अख्खा उतार ब्रेक दाबून धरला तर चकत्या निवायला वेळ मिळत नाही आणि बोटं मात्र आखडतात.

म्हणून ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, सरळ वाटेवर. वळणात शिरताना सोडायचा. टायरची पकड म्हणजे बँकेतली ठरावीक शिल्लक. थांबण्यासाठी जेवढी खर्च कराल तेवढी वळण्यासाठी कमी उरते. शिवाय वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते आणि थांबायला लागणारं अंतरही साधारण चौपट होतं.

ब्रेक दाबताच तुमचा भार पुढच्या चाकावर सरकतो, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. तो भीतीपोटी टाळू नका, पण एका बोटानं, हळूहळू दाबायला शिका. गवताच्या मैदानावर तासभर सराव केलात तरी मोठा फरक पडतो. उतारावर सीट खाली करा, पेडल समपातळीत ठेवून त्यांवर उभे राहा, गुडघे आणि कोपरं सैल सोडा. ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. अमेरिकेत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत डाव्या. तिकडून आला असाल तर निघण्याआधी हे तपासाच.

दुसरी फुकटची तयारी म्हणजे टायरमधली हवा. आपल्याला लहानपणापासून टायर टणक करायची सवय. पण टायर जमिनीला किती टेकतो हे ढोबळमानानं वजन भागिले हवेचा दाब यावर ठरतं. वरच्या ९० किलोंसाठी ५० पीएसआय दाबाला दोन्ही चाकं मिळून सुमारे २५ चौरस सेंटिमीटर टेकतात. २५ पीएसआयला ५० च्या आसपास, म्हणजे बँकेच्या कार्डाहून किंचित जास्त. एवढ्याशा जागेवर तुमचं सगळं भवितव्य असतं! मऊ टायर दगडांवर उड्या कमी मारतो. फारच मऊ केला तर रिम दगडावर आपटते, म्हणून तुमच्या वजनानुसार दाब दुकानातल्या माणसाकडून लावून घ्या.

आता कपडे. सह्याद्रीतल्या पावसात सुती टी-शर्ट घालून भिजण्यात मजा असते, कारण तो पाऊस फारसा गार नसतो. वेल्स किंवा स्कॉटलंडच्या डोंगरात तोच टी-शर्ट घातक ठरू शकतो. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे २४ पट असते. भिजलेलं सूत अंगाला चिकटतं आणि वारा लागला की वेगानं ऊब काढून घेतं. चढताना आलेला घाम उतरताना हेच करतो. आत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर, वर रेन जॅकेट आणि बॅगेत एक कोरडा थर, एवढं पुरे. ३०० मीटरच्या चढाला साधारण २५० कॅलरी लागतात. मूठभर शेंगदाण्याची चिक्की तेवढं काम करते. खाणं घरूनच न्या. उत्तर वेल्समधलं कॉइड-अ-ब्रेनिन हे खास माउंटन बायकिंगसाठी वाटा आखलेलं ब्रिटनमधलं पहिलं केंद्र. तिथलंही कॅफे मार्च २०२५ अखेर बंद झालं, वाटा मात्र खुल्या राहिल्या.

"मग इलेक्ट्रिक सायकल घेऊ का? चढाचा त्रासच नको," असं तुम्ही म्हणाल. पहिल्या खेपेला मी नकोच म्हणेन. मोटार तुम्हाला वर नेते, खाली आणायचं कौशल्य देत नाही. आणि उतरताना थांबवायचं वजन मात्र वाढवते.

वाटांना हिरवा, निळा, लाल आणि काळा अशा चढत्या श्रेणी असतात. पहिल्यांदा हिरवी, फार तर निळी निवडा. मित्र लाल वाटेवर जात असतील तर जाऊ द्या. एडिनबराच्या दक्षिणेला पीबल्सजवळचं ग्लेन्ट्रेस अशा सुरुवातीला चांगलं आहे. केंद्राबाहेर जाणार असाल तर इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटपाथ म्हणून नोंदलेल्या पायवाटांवर सायकलला हक्क नाही. ब्रायडलवेवर १९६८ च्या कायद्यानं तो आहे, पण पादचाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यावी लागते. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं जबाबदारीनं फिरण्याची मुभा बरीच मोठी आहे.

डोंगरात अपघात झाला तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. 'रजिस्टर' हा इंग्रजी शब्द ९९९ ला मेसेज करून नोंदणी केलीत, तर रेंज अपुरी असताना मेसेजनंही मदत मागता येते. ही नोंदणी घरीच करून निघा.

एवढं करून गेलात आणि उतरल्यावर पुन्हा एक फेरी मारावीशी वाटली, तर खुशाल सायकल विकत घ्या. तोवर कोणती घ्यायची हेही तुम्हाला कळलेलं असेल.