भंडाऱ्यातला समुद्र

स्पर्धा परीक्षेची एक नवी सराव-पुस्तिका या आठवड्यात हाती आली. खनिजांवर अख्खं प्रकरण आहे, पण जिल्ह्यांच्या यादीपलीकडे त्यात काही नाही. भंडारा–मँगनीज, रत्नागिरी–बॉक्साइट. भंडाऱ्यातच मँगनीज का, एवढं विचारलं असतं तरी मुलांना तिथला समुद्र कळला असता.

डोंगरी बुजुर्ग, चिखला या खाणींमधलं मँगनीज निदान १०० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर साचलं. प्राणवायू नसलेल्या पाण्यात ते विरघळलेलं राहतं; प्राणवायू मिळाला की ऑक्साइड होऊन खाली बसतं. लोह त्याच्याही आधी बसतं, म्हणून दोघांचे थर वेगळे पडतात. पण काम तिथे संपत नाही. गाळातले सेंद्रिय अवशेष कुजताना प्राणवायू संपतो, मँगनीज पुन्हा विरघळतं आणि चिखलातल्याच पाण्यात कार्बोनेटशी जुळून नवं खनिज होतं. पुढे डोंगर घडताना हे थर दाबले गेले, तापले. जिथे वाळू आणि चिकणमाती मिसळली होती तिथे गार्नेट तयार झाला. भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०९ मध्ये वर्णन केलेला गोंडाइट खडक तो हाच: क्वार्ट्झमध्ये तपकिरी-नारिंगी दाणे, आणि शेजारचं खनिज बोटं काळी करणारं.

समुद्रतळावर मँगनीज आजही साचतं आहे; त्यासाठी हिंदी महासागराकडे पाहा. १९८१ च्या २६ जानेवारीला ‘गवेषणी’ या भारतीय संशोधन जहाजाने अरबी समुद्रातून देशासाठी मँगनीजचा पहिला गोटा वर आणला. मध्य हिंदी महासागरात आज ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र शोधकार्यासाठी भारताकडे आहे. तिथे, सुमारे पाच किलोमीटर खोल, बटाट्याएवढे गोटे गाळावर पसरलेले आहेत. कधी शार्कच्या दाताभोवती, थरावर थर चढत, ते दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. थोडं मँगनीज वरच्या पाण्यातून येतं, थोडं खालच्या गाळातून. भंडाऱ्यातही धातू तोच आणि रसायनही तेच. पण तिथे उथळ समुद्राने जाड थर रचले, इथे खोल समुद्र एकेक पापुद्रा चढवतो आहे.

धातूसाठी हे गोटे उचलायचे की नाही, हे आजची मुलंच उद्या ठरवणार आहेत. उचललेला गोटा पुन्हा वाढायला किती काळ लागतो, हे माहीत नसलेली पिढी तो निर्णय नीट घेईल, यावर माझा विश्वास नाही. म्हणून या खाणींच्या तुमसर तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत गोंडाइटचा एक तुकडा हवा, आणि त्याची गोष्ट सांगणारा शिक्षक हवा.