मुक्त प्रणालीची बंद बैठक

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या काही प्रकल्पांत एक चमत्कारिक प्रथा रुजली आहे. वर्षातून एकदा चार-पाच दिवसांची बैठक बोलवायची. त्यातले पहिले दोन दिवस ‘नेतृत्वा’चे, उरलेले डेव्हलपरांचे. नेतृत्वाने दाराआड बसून प्रकल्पाची दिशा, पैशाची वाटणी आणि पुढील आवृत्तीची तारीख ठरवायची. नंतर प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आत घ्यायचे आणि ठरलेली कामे त्यांना वाटून द्यायची. जी प्रणाली रोज वापरतात त्या माणसांना, म्हणजे शिक्षकांना, कारकुनांना, विद्यार्थ्यांना, दोन्ही दिवशी आमंत्रण नसते. ज्या चळवळीने आपल्या नावातच ‘मुक्त’ हा शब्द मिरविला तिच्या घरात ही वर्णव्यवस्था कोठून शिरली, याचा विचार झाला पाहिजे.

मुंबईत हा प्रश्न विचारण्यास मानखुर्दइतकी योग्य जागा दुसरी नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र येथे आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्था 2001 साली स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद सांभाळणारे जी. नागार्जुन याच केंद्रात अध्यापक होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेली ‘नोसिस’ ही ज्ञानरचनेची प्रणाली ‘ग्नू’ प्रकल्पाने आपली मानली. कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यातील एकशिक्षकी शाळेत 2007 साली मुलांच्या हाती स्वस्त संगणक देण्याचा जो प्रयोग झाला त्यालाही या मंडळींचा हात लागला होता. पुढे 2015 पासून टाटा समाजविज्ञान संस्था, अमेरिकेतील एमआयटी व टाटा ट्रस्ट यांच्या ‘क्लिक्स’ उपक्रमासाठी राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम व तेलंगणातील सरकारी माध्यमिक शाळांत इंटरनेटवाचूनही चालेल अशी व्यवस्था येथे घडली. आणि या केंद्राच्या भिंतीपलीकडे काय आहे? मुंबईच्या 2009 सालच्या मानवी विकास अहवालात सर्व विभागांत तळाला असलेला एम-पूर्व विभाग, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराच्या सावलीतल्या वस्त्या आणि त्यांतील मुले ज्या शाळांत जातात त्या महापालिकेच्या शाळा. ज्यांच्यासाठी ‘ज्ञान मुक्त असावे’ असे म्हणायचे, ती माणसे चालत येऊ शकतील इतक्या अंतरावर आहेत.

आता अर्थशास्त्र पाहावे. सॉफ्टवेअरची एक प्रत आणि दहा लाख प्रती यांच्या उत्पादनखर्चात जवळजवळ फरक नसतो. एकाने वापरले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही. म्हणून त्यावर मक्तेदारी बसविणे हा कायद्याच्या कुंपणाचा खेळ आहे, आणि 1983 साली ‘ग्नू’ची घोषणा करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी कायद्याच्याच हत्याराने ते कुंपण उलटविले, हे त्यांचे श्रेय कोणी हिरावू शकत नाही. परंतु प्रत फुकट असली तरी श्रम फुकट नसतात. प्रणाली लिहून संपत नाही. ती रोज सांभाळावी लागते. 2014 च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला तेव्हा जगाला कळले की, ज्या ‘ओपनएसएसएल’वर जगभरच्या बँका आणि दुकानदाऱ्या विसंबून होत्या तिची देखभाल पूर्णवेळ करणारा जेमतेम एक माणूस होता आणि तिला वर्षाकाठी सुमारे 2000 डॉलर देणगी मिळत होती. कोट्यवधींचा नफा कोणाचा आणि रात्रीचे जागरण कोणाचे, हे सांगण्यास मार्क्स वाचण्याची गरज नाही.

मालकी सोडली म्हणजे सत्ता सुटली असे मानण्याची चूक येथे झाली आहे. परवाना मुक्त असतो. पण प्रकल्पाचे नाव, सर्व्हर, पैशाचे खाते आणि बदल स्वीकारण्याचा अधिकार मूठभरांपाशीच राहतो. ‘ओपनऑफिस’चा इतिहास याला साक्ष आहे. सन कंपनी 2010 च्या जानेवारीत ओरॅकलच्या घशात गेली आणि तिच्याबरोबर शेकडो स्वयंसेवकांचे श्रमही गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कार्यकर्त्यांनी बाहेर पडून डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केले व ‘लिबरऑफिस’ काढले, तेव्हा जुन्या प्रकल्पाच्या परिषदेने त्यांनाच पदे सोडण्यास सांगितले! नाव कंपनीकडे उरले, माणसे निघून गेली. पुढच्याच वर्षी ओरॅकलने ते नावही अपाची संस्थेच्या पदरात टाकून हात झटकले.

या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात, ‘जो काम करतो तो ठरवितो.’ वाक्य ऐकायला समाजवादी वाटते. म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. काम करण्यास फुरसत कोणाला असते? ज्याचा पगार कंपनी देते त्याला. घाटकोपरच्या चाळीत रात्री अकरानंतर संगणक उघडणाऱ्या मुलाचे ‘काम’ आणि कंपनीने आठ तास नेमून दिलेल्या अभियंत्याचे ‘काम’ एकाच तराजूत तोलणे म्हणजे पैशाला मागच्या दाराने मताचा अधिकार देणे होय. शिवाय शिक्षकाने वर्गात बसून शोधलेली चूक, मराठी भाषांतर, वापराची पुस्तिका, हे काम नव्हे काय? डेबियन प्रकल्पाने 2010 साली ठराव करून प्रोग्राम न लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांनाही सभासदत्वाचा मार्ग मोकळा केला. त्याचा प्रमुख दर वर्षी मतदानाने निवडला जातो आणि त्याचा निर्णय सभासद ठरावाने फिरवू शकतात. ‘पायथन’च्या जनकाने 2018 साली पद सोडल्यावर डेव्हलपरांनी पाच जणांचे मंडळ निवडले आणि एका मालकाचे दोनांहून अधिक नोकर त्यात नसावेत असा नियम केला. हे स्वप्नरंजन नाही; चालू व्यवहार आहे.

महाराष्ट्राला हा धडा परका नसावा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला कारखाना उभा केला तेव्हा उसाचा मळा ज्याचा, त्याचाच कारखाना ही कल्पना होती. पुढे अनेक कारखान्यांच्या वार्षिक सभांचे काय झाले हे सर्वज्ञात आहे. अहवाल वाचण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’ची आरोळी उठते आणि सभासद जेवणाच्या रांगेत लागतात. मालकी कागदोपत्री सर्वांची होती. अजेंडा मात्र एकाच वाड्यात तयार होत होता. मुक्तस्रोतवाल्यांच्या ‘नेतृत्व-दिना’ची जात वेगळी नाही. त्यांच्याकडे उसाऐवजी कोड आहे, इतकेच.

तेव्हा मानखुर्दला अशी बैठक भरवायची झाल्यास तिची आखणी उलट टोकापासून झाली पाहिजे. बैठक मे महिन्यात असावी, कारण शिक्षकांना तेव्हाच सवड असते. कंपन्यांच्या आर्थिक वर्षाचा हिशेब येथे गैरलागू आहे. ऑलिम्पियाडची शिबिरे भरविणाऱ्या केंद्राच्या आवारात मुक्काम व्हावा. पंचतारांकित हॉटेलातील एका खोलीच्या भाड्यात बीडच्या एका शिक्षिकेचा जाण्यायेण्याचा खर्च निघतो. विषयपत्रिका सहा आठवडे आधी जाहीर व्हावी आणि तीत कोणाही वापरकर्त्याला विषय घालता यावा. देणगी घ्यावी, अवश्य घ्यावी, पण देणगीदाराला व्यासपीठ आणि मत देऊ नये. जमाखर्च पहिल्याच दिवशी वाचावा, शेवटच्या दिवशी आभारप्रदर्शनाच्या गडबडीत नव्हे. चर्चा मराठी-हिंदीत चालावी आणि ज्यांना इंग्रजीच येते त्यांच्यासाठी दुभाषा बसवावा. आजवर उलटे होत आले, त्यात कोणाला अन्याय दिसला नाही! प्रकल्पाची सूत्रे कोणाकडे, कोणाच्या मुदती संपल्या, अनुदान थांबल्यावर शाळांतले सर्व्हर कोण सांभाळणार, हे प्रश्न सर्वांसमोर मताला टाकावेत. स्वतंत्र नेतृत्व-दिन रद्द करावा.

डाव्या चळवळीतील काही मित्रांना हा सारा सुखवस्तू संगणकवाल्यांचा घरगुती तंटा वाटेल. गिरणी गेली, गोदी गेली, आता सॉफ्टवेअरवर लेख कशाला, असे ते विचारतील. रेशनदुकानातील अंगठ्याच्या यंत्रापासून शाळेच्या हजेरीपर्यंत गरिबांचे जगणे आज ज्या प्रोग्रामांवर अवलंबून आहे ते कोण लिहितो, कोणाच्या आज्ञेने लिहितो आणि चुकल्यास जाब कोणाला विचारायचा, याची त्यांना फिकीर नसेल तर उत्पादनसाधनांची व्याख्या त्यांनी पुन्हा तपासावी. केंद्र सरकारने 2015 साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. पण ते स्वीकारताना लिहिणाऱ्याच्या पगाराची आणि वापरणाऱ्याच्या मताची तरतूद कोणी मागितली?

मानखुर्दच्या बैठकीत पहिल्या सकाळचे पहिले भाषण कोणत्याही प्रकल्पप्रमुखाचे नसावे. गोवंडीच्या महापालिका शाळेतील एखाद्या शिक्षकाला बोलवावे, वर्गातले बंद पडलेले संगणक त्याला मोजून सांगू द्यावेत, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत पुढच्या आवृत्तीची तारीख कोणीही ठरवू नये.