सदनिकेबरोबर वस्तीही निवडावी

मुंबईतील जागांचे भाव मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेर गेल्यापासून नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांभोवती नवी वस्ती सतत वाढत आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. मुंबईहून येथे आलेल्यांत अनेक कॅथलिक कुटुंबेही आहेत. कोठे राहावे, हा प्रश्न आज आपल्या अनेक तरुण जोडप्यांपुढे उभा आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्पासाठी व कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जमिनीवरील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या. ही कारवाई २०२५ च्या प्रारंभी पूर्ण झाली. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबे त्यामुळे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. दोष बांधणाऱ्यांचा आणि डोळेझाक करणाऱ्यांचा. शिक्षा मात्र राहणाऱ्यांना!

म्हणून आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो की, स्वस्ताईला भुलू नये. सातबारा, विकास आराखड्यातील आरक्षण, बांधकाम परवानगी, महारेरा नोंदणी आणि तयार इमारत असल्यास भोगवटा प्रमाणपत्र तपासून घ्यावे. बनावट परवानग्यांच्या आधारे इमारती उभारल्याचा प्रकार २०२३ मध्ये याच शहरात उघडकीस आला. तेव्हा कागदाच्या झेरॉक्स प्रतीवर विसंबू नये. महापालिकेच्या नगररचना विभागात खातरजमा करावी. पावसाळ्यात त्या परिसरात एक फेरी मारावी. जुलै २०१८ च्या पुरात वसईतील कितीतरी वसाहती पाण्याने वेढल्या गेल्या होत्या, याचा विसर पडू नये.

परंतु घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेनुसार धर्मग्राम सर्वसाधारणपणे भूप्रदेशावरून ठरतो. म्हणजे सदनिका निवडताना आपण आपला धर्मग्रामही निवडत असतो. पहाटेच्या लोकलने जाऊन रात्री परतणारे दांपत्य मुलांना धर्मशिक्षणाला केव्हा पाठविणार? वृद्ध आईवडिलांना रविवारच्या मिस्साला पायी जाता येईल काय? आजारपणात शेजारी कोण धावेल? चौरस फुटांच्या हिशोबात हे प्रश्न बसत नाहीत, परंतु संसाराचे सुखदुःख त्यांवरच अवलंबून असते.

जबाबदारी एकट्या आगंतुकांची नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी झालेला लढा वसईची जमीन, पाणी व झाडे वाचविण्यासाठी होता. तो घर शोधणाऱ्या गरजवंतांविरुद्ध नव्हता. हे भान आम्हां स्थानिकांनीही ठेवले पाहिजे. वाडीतली भाषा आणि चालीरीती त्यांना परक्या असतील, पण वेदी आपली एकच आहे.

प्रत्येक धर्मग्रामातील पॅरिश कौन्सिलने नव्या कुटुंबांची नोंद ठेवावी, लहान ख्रिस्ती समूहांनी त्यांच्या घरी जाऊन ओळख करून घ्यावी आणि धर्मग्रामातील वकील व अभियंते यांनी घर घेऊ पाहणाऱ्यांची कागदपत्रे विनामूल्य तपासून द्यावीत. पैसे भरण्यापूर्वी मिळालेला एक प्रामाणिक सल्ला घर पाडल्यानंतरच्या शंभर सांत्वनांहून मोलाचा असतो.